मामांचे लांबपाये

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. सावळीराम त्यांचं नाव. वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे ते कुणालाच नक्की माहीत नाही. आधारकार्डावर एक जानेवारी लिहिलंय, म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिली ठोकून. दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात, त्यातले दहा म्हशीशी. मी त्यांच्या बरोबर उलट. माझा नवरा समाधान म्हणतो, या घरातलं सगळं बोलणं तू येईपर्यंत शिल्लक ठेवलं होतं. म्हणू दे. तो गोंदे गावच्या कंपनीत पाळीवर जातो, घरात असतो किती?

मी निफाडकडची. द्राक्षाच्या बागेत वाढलेली. समाधान आमच्या गावाजवळच्या पॅकहाऊसला दोन हंगाम कामाला होता, तिथंच काय ते जमलं. माझ्या वडिलांनी नाक मुरडलं. "घोटीच्या वर? अगं, तिथं पावसात कपडे वाळत नाहीत!" मी म्हटलं, न वाळू देत. तेवीस वर्षांची होते, तेव्हा कपडे वाळण्याचं महत्त्व कळत नव्हतं.

घोटीहून निघालं की भाताची खाचरं संपतात, रस्ता वर चढायला लागतो आणि शेवटच्या वळणाच्या पुढे आमची वाडी. सात घरं. आमचं घर सगळ्यात मागं, डोंगराला पाठ लावून. मागचं दार उघडलं की चार पावलांवर कातळ, आणि कातळाच्या पायथ्याशी एक आडवी, अंधारी कपार.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मागच्या खोलीत सरपण आणायला गेले. कोपऱ्यातली भिंत काळी दिसली. वाटलं, धुरानं काजळली असेल. हात लावायला गेले तर ती भिंत हलली! अख्खी, वरखाली, वरखाली. मी जी किंकाळी मारली ती खालच्या वळणावर ऐकू गेली म्हणे. मामा धावत आले, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"लांबपाये हायेत," म्हणाले. "काय करत नाय ते."

पुस्तकात त्यांना काय म्हणतात मला ठाऊक नाही. वाडीत लांबपाये म्हणतात, दुसरं काय म्हणणार? ज्वारीच्या दाण्याएवढं गोल अंग आणि त्याला केसासारखे लांबलचक आठ पाय. कोळ्यासारखे दिसतात पण जाळं विणत नाहीत, चावत नाहीत, डंख नाही. शंभर-दोनशे एकत्र येतात, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून ओलसर अंधाऱ्या जागी बसून राहतात. फुंकर मारली की सगळे मिळून झुलायला लागतात. पावसाळ्यात घरात, कुडाच्या भिंतीत. पाऊस सरला की मागच्या कपारीत. हे मला सगळं नंतर कळलं. त्या दिवशी माझी बोबडी वळली होती आणि मी आठ दिवस सरपण समाधानकडून आणवलं.

मामांचं मात्र त्यांच्याशी गणगोत असल्यासारखं. घटस्थापनेच्या आधी घर झाडायचं, गोधड्या धुवायच्या, भिंती सारवायच्या; सगळ्यांच्या घरी असतं. आमच्याकडं त्याच्या आदल्या दिवशी मामा एक पोतं पाण्यात बुडवायचे, पिळायचे आणि लांबपाये बसलेल्या कोपऱ्यात खुंटीला टांगायचे. रात्रभरात ते एकेक करून ओल्या पोत्यावर सरकायचे. सकाळी मामा ते पोतं दोन्ही हातांवर आडवं धरून, पाय न आपटता, मागच्या दारानं कपारीपर्यंत न्यायचे. पोतं कपारीत ठेवून द्यायचे आणि दुपारी रिकामं घेऊन यायचे. मग म्हणायचे, "हां, आता सारव."

मी मनात म्हणायचे, काय हे सोंग! झाडू घ्यावा आणि एक फटका मारावा.

पण वाडीत कुणी मामांना हसत नव्हतं, त्याला कारण होतं. आमच्याकडं पाऊस पडतो तो पडतो, पण सगळा उतारानं खाली जातो. नळ आहेत, टाकी आहे, तोट्यासुद्धा पितळेच्या आहेत. माघ सरला की त्यातून नुसता वारा येतो. टँकर शेवटचं वळण चढत नाही. मग उरतो झिरा. कातळाच्या पायथ्याला हात-दीड हात खड्डा खणायचा, त्यात थेंब थेंब पाणी जमतं, सात घरांना वैशाखापर्यंत पुरतं. गंमत अशी की झिऱ्याची जागा दरवर्षी बदलते. आज इथं, पुढच्या वर्षी दहा पावलं तिकडं. आणि ती जागा सांगायचे मामा.

शिमगा झाला की सगळे कुदळी-पहारी घेऊन यायचे. "बाबा, कुठं खणायचं?" मामा कपारीत वाकायचे, लांबपाये कुठं दाटीनं बसलेत ते बघायचे. ऊन वाढलं की ओल जिथं शेवटची उरते तिथंच ते गोळा होतात, एवढं साधं गणित. मग त्यांच्या खाली काठीनं रेघ मारायचे. "हितं." तिथं पाणी लागायचंच. मामांना ना सरपंचकी, ना जमीन धड दोन एकर. वर्षातून एकदा अख्खी वाडी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहायची, एवढाच त्यांचा मान. त्या दिवशी धुतलेला सदरा घालायचे.

आता माझं पाप सांगते.

आमची दिशा दोन वर्षांची झाली. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात मी दूध तापवत होते आणि पोरगी मागच्या खोलीतून आली, मुठीत काहीतरी धरून. मूठ उघडली तर तीन तुटके पाय, आणि ते अजून वळवळत होते! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी द्राक्षवाल्याची मुलगी. आमच्याकडं पानावर ठिपका दिसला की औषध. ढग आले की औषध. ढग गेले की, आले होते म्हणून औषध. भुरी असो, डावणी असो, मिलीबग असो, माझ्या वडिलांचं एकच उत्तर असायचं, आणि ते पंपात असायचं. गणपतीला माहेरी गेले होते तेव्हा भावाचा जुना बॅटरीचा पंप आणि शेडमधली अर्धी बाटली घेऊन आले होते, वांग्यांवर मारायला म्हणून.

मामा बाजाराला गेले होते, समाधान पाळीवर. दिशाला ओट्यावर खेळत ठेवलं. तोंडाला ओढणी बांधली आणि मागच्या खोलीच्या चारी भिंती धुऊन काढल्या. आमच्याकडं नुसती वेल फवारून कुणी थांबत नाही, बांधसुद्धा फवारतात, नाहीतर रोग परत येतो. म्हणून मागचं दार उघडलं, कपारीत नळी घातली, आणि पंपाची धार पोचेल तिथवर कातळसुद्धा फवारला. टाकी संपली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

मामा तिन्हीसांजेला आले. दारातच थबकले, नाक वर केलं. मागच्या खोलीत गेले. मी चुलीपाशी बसून बोलणी खायची तयारी करत होते; उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. मामा बाहेर येईनात. डोकावून बघितलं, तर म्हातारा उकिडवा बसून मेलेले लांबपाये सुपात गोळा करत होता. एकेक.

"दिशा कुठंय?" एवढंच विचारलं.

दिशाला उचललं आणि शेजारच्या कलाबाईकडं नेऊन ठेवलं. कलाबाईला म्हणाले, "घर सारवलंय, वलं हाय. दोन दिस राहू दे पोरगी." रात्री सगळी दारं उघडी टाकून आम्हाला पुढं ओट्यावर झोपवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. मीही म्हटलं, चला, निभावलं.

पुढं दिवाळी गेली, थंडी गेली, शिमगा झाला. सगळे कुदळी घेऊन आले. मामांनी धुतलेला सदरा घातला होता. "बाबा, कुठं खणायचं?"

मामा कपारीत वाकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. कपार रिकामी होती. मी मागच्या दारात उभी होते, ओढणीला हात पुसत, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलेय. आता सांगतील, मला वाटलं. आता माझ्याकडं बोट दाखवतील.

मामा सरळ झाले, डोळे चोळले.

"मला दिसत नाय रे आता," म्हणाले. "डोळं गेलं माझं."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, म्हातारपण आहे, चालायचंच. मग त्यांनी आपल्या अंदाजानं तीन ठिकाणी खणलं. तिन्ही कोरडी ठाक. दुसऱ्या दिवसापासून बायका खालच्या विहिरीला जायला लागल्या. जाताना अर्धा तास, येताना डोक्यावर हंडा घेऊन एक तास. मीही जायचे. चढावर कलाबाई धापा टाकत म्हणायची, "आंधळा झाला गं बाबा. वाडीचं नशीबच आंधळं झालं." आणि मी, जिची जीभ कधी टाळ्याला लागत नाही ती मी, गप्प. तोंडाला कुलूप.

मामांना त्यानंतर कुणी काही विचारेनासं झालं. पूर्वी ओट्यावर चहाला चार माणसं यायची, आता पोरं वाटेत त्यांचा हात धरायची, "बाबा, दगड हाय, संभाळून." मामा हात धरू द्यायचे. धुतलेला सदरा पत्र्याच्या पेटीत गेला.

मला वाटलं, खरंच दिसत नसेल तर? माझ्या औषधानं तर नाही ना गेले डोळे? सुपात मेलेले गोळा करताना हातानं डोळे चोळले असतील... या विचारानं माझी झोप उडाली. समाधानला सांगायची हिंमत नव्हती. पण मामांना घेऊन नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात जाते म्हटल्यावर तो म्हणाला, जा. मामा मात्र बैलासारखे अडून बसले. "कशाला? नको. खर्च नको." मी म्हटलं, "मुकाट्यानं सदरा घाला." घातला.

डॉक्टरीणबाईंनी एक डोळा झाकून पाटी वाचायला सांगितली. मामा चौथी शिकलेले. वरचं मोठं अक्षर वाचलं आणि थांबले.

"खालचं?"

"नाय दिसत."

बाई हुशार होत्या. डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, मोतीबिंदूचे जुने कागद चाळले. मग सहज खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाबा, ती समोर गाडी उभी आहे ना, तिला नंबरच नाही वाटतं?"

"हाय की," म्हणत मामांनी अख्खा नंबर वाचून दाखवला.

बाई हसायला लागल्या. "दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढलाय तो डोळा एकदम छान आहे. यांना चष्मासुद्धा नको. माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय!"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, जीव भांड्यात पडला. पण बाहेर येईपर्यंत असा राग आला! घोटीच्या गाडीत बसलो, मामा खिडकीपाशी. पाथर्डी फाटा गेला आणि मला राहवेना.

"मामा, तुम्हाला सगळं दिसतं. मग सगळ्यांसमोर आंधळं कशाला व्हायचं? पोरं हात धरून नेतात तुम्हाला! लाज नाही वाटत?"

मामा बाहेर बघतच म्हणाले, "मंग काय सांगू? सुनेनं मारले म्हणून सांगू?"

मी मांडीवरच्या दवाखान्याच्या कागदांची घडी करायला लागले.

"तू लांबची पोर. तुला काय ठावं? एकदा नाव पडलं की वाडी मरूस्तोर इसरत नाय. माझं काय, म्हातारा झालो. डोळं गेलं म्हटलं तर कोण काय म्हणतंय?"

भर गाडीत मी रडले. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. सख्ख्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं असतं का, माहीत नाही. आणि हा माणूस सात-आठ महिने एकाच घरात माझ्या हातची भाकरी खात होता, आणि एकदाही माझ्याकडं वाकडं बघितलं नव्हतं.

इगतपुरीचे डोंगर दिसायला लागले तेव्हा नाक पुसून मी विचारलं, "सगळे मेले का हो?"

"सगळे कधी मरत नाय. वर सरकले असतील. वल सोडून कुठं जातील? वरची कपार बघाया पायजे, पण माझं गुडघं नाय नेत."

"मग दुसऱ्या कुणाला धाडायचं ना वर!"

"धाडलं असतं. पण त्यानं पयलं इचारलं असतं, खालचे कुठं गेले?"

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कलाबाईच्या ओट्यावर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. पुरुषही दोघं-तिघं होते. मामा म्हणत होते, "घरात चल, घरात चल." मी नाही ऐकलं. ओट्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पंप, बाटली, कपार. "मामांचे डोळे धडधाकट आहेत. मीच मारले सगळे. काय बोलायचं ते मला बोला."

कलाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आगं बया बया बया! आणि आम्ही बाबाला आंधळं म्हणत फिरलो! सटवे, दोन महिने माझ्याच बरोबर हंडे वाहतीस आणि तोंडातून चकार शब्द नाय?" पुढचं काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं. माझं नाव तेव्हापासून औषधवाली पडलं ते पडलं. मामांनी सांगितलेलं अगदी खरं ठरलं.

सकाळी मी वर चढले. खाली अख्खी वाडी जमलेली, मामा दगडावर बसलेले. मला आजही त्या किड्यांची शिसारी येते, खोटं कशाला बोलू? पण हातानं करवंदाची जाळी बाजूला सारत, खरचटत, एकेका भेगेत वाकून बघत गेले. पंपाची धार पोचली होती त्याच्याही वर वीसेक हात गेल्यावर एका जाळीमागं कातळ काळा दिसला. मी फुंकर मारली.

कातळ झुलायला लागला.

"आहेत!" मी ओरडले. "मामा, आहेत!" आणि त्या ओंगळ लांबटांग्यांना बघून मला परत रडू फुटलं.

माणसं कुदळी घेऊन वर आली. सवयीनं सगळ्यांनी खाली मामांकडं बघितलं. कलाबाईचा नवरा ओरडला, "बाबा, कुठं खणू?"

मामा दगडावरून उठले. समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मोजू शकणारा माणूस तो. कपाळावर हात धरून वर बघितलं, चांगलं निरखून बघितलं.

"मला काय दिसतंय?" म्हणाले. "डोळं गेलं माझं. तिला इचारा."

काल संध्याकाळपासून वाडीतल्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं की मामांचे डोळे कसे आहेत. पण कुणी हसलं नाही. सगळी तोंडं माझ्याकडं वळली. शेवटी कलाबाईच म्हणाली, "सांग की गं औषधवाले. कुठं?"

मी लांबपायांच्या खाली काठीनं रेघ मारली. "इथं. पण आज नाही, उद्या. आधी एक पोतं भिजवून आणा, कुदळीखाली यायला नकोत हे."

एका तहानलेल्या वाडीला अजून एक दिवस थांबा म्हणायचं! पण थांबले. कलाबाईनं पदर खोचला आणि हंडा घेऊन खालच्या विहिरीची वाट धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पोतं दोन्ही हातांवर आडवं धरून, पाय न आपटता उतरले. दोन माझ्या मनगटावर चढले, दातावर दात दाबून चढू दिले. मामा मागचं दार उघडून, आतली खुंटी मोकळी करून उभे होते.

"हळू," म्हणाले. "पाय तुटतात."

वर हात-दीड हातावर माती ओली लागली. दुपारपर्यंत ओंजळभर पाणी. औषधाचा अंश नको म्हणून मामांनी चार दिवसांचं पाणी सांडून द्यायला लावलं, ढोरांनासुद्धा पाजू दिलं नाही. पाचव्या दिवशी पहिला हंडा कलाबाईचा भरला.

याला आता तीन वर्षं झाली. पंप भावाला परत केला. घटस्थापनेच्या आधी पोतं मी टांगते, दिशा धरू लागते. तिला कसलीच शिसारी नाही, आजोबांवर गेलीय. शिमगा झाला की माणसं कुदळी घेऊन येतात आणि आधी मामांसमोरच उभी राहतात, तो मान त्यांचाच. मामा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेले असतात. कपाळावर हात धरतात, कातळाकडं बघतात आणि दरवर्षी न चुकता तेच सांगतात, "मला दिसत नाय. सुनेला इचारा."

मग मी कपारीत वाकते आणि रेघ मारते.

दुपारी गोधडी शिवायला बसते तेव्हा मला काही केल्या सुईत दोरा ओवता येत नाही. मी हाक मारते, "मामा!" ते येतात, सुई उजेडाकडं धरतात आणि पहिल्याच झटक्यात ओवून देतात.